दोन रहाटांची विहीर

पांडुरंग आप्पांनी उजव्या पायातला बूट काढला, उलटा करून झटकला, चवड्यात कोंबलेला कापूस पुन्हा नीट बसवला आणि विहिरीच्या कठड्याला धरून ते उठले. सात फेऱ्या झाल्या होत्या. रोजच्या अकरा पुऱ्या व्हायच्या होत्या.

"आप्पा, पुरे आता. टाचेला फोड येईल," ओटीवरून त्यांची मुलगी यशोदा म्हणाली.

"येऊन गेला. आता तिथं घट्टा हाय," आप्पा म्हणाले आणि चालू लागले.

बहात्तर वर्षांत त्यांच्या पायात वहाणेशिवाय दुसरं काही गेलं नव्हतं, आणि वाडीत काम करताना तर तीही नाही. हे बूट आग्नेलचे होते. यशोदाच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या लुसीचा हा भाऊ बोटीवर नोकरीला होता. लिस्बनचे रस्ते दगडी, चढउताराचे, नोव्हेंबरात ओले असतात, असं त्याने सांगितल्यापासून आप्पांनी हा सराव धरला होता. शेजारच्या वाडीतले गडी केळींच्या रांगांतून डोकावून हसत. आप्पाही त्यांच्याबरोबर हसत, पण फेरी सोडत नसत.

त्या घरातून आजवर कुणी नाशिकच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. गोव्यावरून पोर्तुगालशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. पासपोर्ट हातात पडले होते, व्हिसाचा अर्ज दिल्लीला गेला होता. यशोदाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला पेन्सिलने गोल केला होता. वय अडतीस, लग्न राहून गेलेलं, आई नर्मदा जाऊन सहा वर्षं झालेली. शाळेत भूगोल शिकवता शिकवता तिने लिस्बनवर काठी ठेवून कितीदा मुलांना दाखवलं होतं. आता आपण तिथे वडिलांचा हात धरून उतरणार, या विचाराने तिलाही कधी कधी वर्गात मध्येच हसू येई.

आप्पांना तिथलं बाकी काही बघायचं नव्हतं. त्यांना एक वही बघायची होती.

लाकडी पेटीत घराण्याची वंशावळ होती. सगळ्यात वर राघो, आणि त्याच्यापुढे साल, मराठ्यांनी वसई घेतली त्यानंतर दोन वर्षांचं. राघोच्या डोक्यावर आप्पांनी स्वतःच्या हाताने एक चौकोन आखला होता आणि तो चाळीस वर्षं रिकामा होता. राघोचा बाप कोण? फिरंग्यांनी वसईच्या वाड्यांची, विहिरींची, झाडांची नोंद ठेवली होती, आणि ते दप्तर लिस्बनला आहे, असं त्यांना कळलं होतं. आपली वाडी शोधायला खूण मोठी पक्की होती. अख्ख्या गावात दोन रहाटांची विहीर एकच.

आप्पांना गावात मान होता तो या इतिहासामुळेच. दर मे महिन्यात किल्ल्यातल्या विजयाच्या कार्यक्रमाला त्यांना व्यासपीठावर बसवत. धोतर, काळी टोपी, खणखणीत आवाज. भाषणाचा शेवट ठरलेला असे. "आमच्या घरात एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने कुणापुढे मान तुकवली नाही!" टाळ्या पडत. मागच्या रांगेत बसलेल्या यशोदाचे डोळे दरवर्षी त्याच जागी भरून येत, आणि दरवर्षी तिला त्याची लाजही वाटे.

लिस्बनच्या दप्तरखान्याला पत्र लिहून दिलं ते फादर सिप्रियन यांनी. लुसीच्या ओळखीचे, गोव्यात शिकलेले, पोर्तुगीज जाणणारे म्हातारे धर्मगुरू. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर आलं, सप्टेंबरच्या अखेरीस. शाळा सुटल्यावर यशोदा गेली तेव्हा ते चर्चमागच्या पडवीत चष्मा पुसत बसले होते.

"बस, बाय," ते म्हणाले. "तुमची वाडी सापडली."

"खरंच?"

"दोन रहाटांची विहीर, एकशेदहा नारळ, विड्याच्या पानांचे मांडव. सतराशे छत्तीस सालची नोंद. वाडी कसणाऱ्याचं नाव दिलंय." त्यांनी कागद उन्हाकडे धरला. "बस्त्याव. बाप्तिस्मा झालेला. बायको, एक मुलगा, तेही तसेच. नावापुढे त्याने स्वतःच्या हाताने फुली काढली आहे, असं लिहिलंय. लिहिता येत नसणार. तुम्ही आलात तर पान दाखवू म्हणतात."

पडवीच्या फरशीवर मुंग्यांची एक रांग चालली होती, यशोदा तिकडेच बघत राहिली.

"यात लाज काय आहे, बाय?" फादर हळूच म्हणाले. "इथे कोण कधी कुठे होतं, याचा हिशेब कुणाला लागलाय?"

"आप्पा जगणार नाहीत, फादर."

"ते तू ठरवू नकोस. पण सांगायचं ते तूच सांग. मी मध्ये पडणार नाही."

घरी येताना तिला विहिरीचा दिवा आठवला आणि ती रस्त्यातच थांबली. त्यांच्या घरात सगळे सण तिथीने व्हायचे. एकच गोष्ट तारखेने व्हायची. दोन नोव्हेंबरला, दिवेलागणीला, घरातल्या मोठ्या माणसाने विहिरीच्या कठड्यावर केळीच्या पानावर भात आणि वाळवलेल्या केळ्याचं एक सुकेळं ठेवायचं आणि मेणबत्ती लावायची. वाऱ्याने पणती विझते म्हणून मेणबत्ती, असं पणजी सांगायची म्हणे. कुणी काही बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. त्याच संध्याकाळी लुसीच्या लोकांची दफनभूमी मेणबत्त्यांनी भरलेली असते, कारण तो त्यांचा मेलेल्यांना आठवण्याचा दिवस. इतकी वर्षं दोन्ही डोळ्यांसमोर होतं आणि भूगोलाच्या बाईंना ते जुळवता आलं नव्हतं. आप्पाही तसेच, बापाने केलं म्हणून करत आलेले. तिने स्वतःची तशी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतल्या चुलीत तिने ते पत्र घातलं. कागद जाड होता, पेटायला वेळ लागला.

आप्पा फेऱ्या संपवून ओटीवर आले तेव्हा तिने सांगून टाकलं. "उत्तर आलं, आप्पा. त्या सालांची वही वाळवीने खाल्ली. आपल्या वाडीची नोंद उरलेली नाही. आता जाऊन करायचं काय?"

आप्पा बुटाची नाडी सोडत होते. बोटं थांबली.

"अख्खी वही?"

"अख्खी."

"पुठ्ठासुदा?"

"आप्पा, नाही म्हणतात ते."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, चवड्यांतला कापूस काढून घेतला आणि आत गेले. यशोदाला वाटलं, निभावलं. चार दिवस वाईट वाटेल, मग विसरतील. म्हाताऱ्या माणसाला खोट्या दुःखावर निभावता आलं तर खरं कशाला द्यायचं?

पण आप्पा विसरले नाहीत, आणि कुरकुरलेही नाहीत. सकाळचं फिरणं थांबलं. दसऱ्याला त्यांनी पेटीची पूजा केली, पण ती उघडली नाही. मग पायांवर सूज आली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, अंगठ्याने घोट्यावर दाबून पाहिलं आणि यशोदाला बाहेर नेऊन सांगितलं, की हृदय थकलं आहे, फार दिवसांचं दुखणं आहे. फार दिवसांचं, म्हणजे आपल्यामुळे नाही, हे तिने मनात घोकून पाहिलं. ते पटत नव्हतं. महिन्यापूर्वी हाच माणूस अकरा फेऱ्या मारत होता. रात्री त्यांना धाप लागली की ती पाठ चोळत बसायची, आणि खरं सांगावं असं तोंडाशी यायचं. मग वाटायचं, आता तर मुळीच नको. आता हा धक्का बसला तर आजच जातील.

दिवाळी झाली. दोन नोव्हेंबरला दुपारी आप्पांनी तिला खाटेजवळ बोलावलं. खाट ओटीवरच टाकली होती, तिथून विहीर दिसायची.

"आज दिवा तू ठेव. माझ्यानं नाय होणार."

"ठेवते."

"बस जरा. ज्यानं दिवा ठेवायचा त्याला सांगून ठेवायचं असतं." त्यांनी दम घेतला. "माझ्या आजीनं मला सांगितलं, मी तुला सांगतो. बाहेर बोलायचं नाय."

यशोदा खाटेच्या कडेवर बसली.

"राघोचा बाप किरिस्ताव होता. राघोपन. लढाई संपली, पाद्री गलबतात बसून गेले. गावानं प्रायश्चित्त घेतलं, राघोनं घेतलं. म्हातारा म्हनाला, मी नाय. दोनदा देव बदलायला माझ्यात जीव नाय." आप्पा थांबले. बोलणं त्यांना जड जात होतं. "घरात घेईनात त्याला. अंगणात वेगळं पान वाढायचे. एके सकाळी विहिरीत सापडला. पुरायचा तर पाद्री नाय, जाळायचा तर भट येईना. वाडीतच कुठंतरी ठेवला. जागा कोनी सांगितली नाय. राघोनं बापाचं नाव घ्यायचं बंद केलं, आन मग ते पोरांना कळलंच नाय."

"तुम्हाला... हे माहीत होतं?"

"मग? किल्ल्यात मी काय बोलतो दरवर्षी? आमच्या घरातल्या एकानं मान तुकवली नाय. लोक टाळ्या वाजवतात. कोनाबद्दल बोलतो, ते आजवर एकानं विचारलं नाय." त्यांच्या ओठांच्या कडेला हसू येऊन गेलं. "नाव न घेता दिवा लावतो आपन. तो कोनाला पोचणार, सांग. तेवढं नाव आनायला जायचं होतं. वाळवीनं खाल्लं, त्याला कोन काय करील?"

यशोदा उठली. भात लावायचा आहे, असं काहीतरी म्हणाली आणि आत जाऊन चुलीपुढे बसून राहिली. ज्या धक्क्याला ती महिनाभर भीत होती तो आप्पांना केव्हाच बसून गेला होता, त्यांच्या लहानपणी, आजीच्या मांडीवर. तिने त्यांना वाचवलं होतं ते त्यांना हव्या असलेल्या एकुलत्या एका गोष्टीपासून.

दिवेलागणीला तिने पान, भात आणि सुकेळं घेतलं. पायऱ्या उतरताना खाटेकडे बघण्याचं तिला धैर्य झालं नाही. कठड्यावर पान ठेवलं. मेणबत्ती तीन काड्यांनी पेटली. खाली पाणी काळं, हलत नव्हतं. इथे काही बोलायचं नसतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खाटेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने हाक मारावी तसं म्हटलं,

"बस्त्याव!"

विहिरीतून आवाज फिरून वर आला. ओटीवर खाट करकरली. मागे वळायचं नसतं, तरी ती वळली. आप्पा एका कोपरावर उठून बसायची धडपड करत होते. ती धावत गेली आणि तिने त्यांच्या पाठीला हात लावला.

आप्पा तिच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांना सगळं कळलं, हे तिला दिसलं.

"वाळवीनं खाल्ली होती ना वही?"

रडू आवरायचं म्हणून तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. पुन्हा पुन्हा सारखं केलं.

"आनखी काय होतं?" आप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

"एकशेदहा नारळ. पानांचे मांडव. नावापुढे त्यांनी स्वतः फुली काढली आहे. आलात तर पान दाखवू, असं लिहिलं होतं."

"स्वतःच्या हातानं?"

"हो."

आप्पांनी डोळे मिटले. मग एक बोट उचलून पांघरुणावर सावकाश एक रेघ ओढली आणि तिच्यावर दुसरी आडवी. तिथे काहीच उमटलं नाही. त्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला. विहिरीवर मेणबत्ती अजून जळत होती.

"यशोदा."

"काय, आप्पा?"

"ते बूट आग्नेलला देऊन टाक," आप्पा म्हणाले. "पायाला अगदी बसले होते."