दोन थेंब निळा

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. आत्याने मास्तरांच्या नकळत गाढवात निळा घातला, ती.

गाढव म्हणजे कार्टूनमधलं. एक गाढव समुद्र बघायला निघतं आणि शेवटी पोचतं, एवढंच त्या चित्रपटात घडतं, पण दोन पिढ्यांची पोरं तो बघत मोठी झाली. तेव्हा सगळं हाताने व्हायचं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर एकेक चित्र रंगवायचं, त्याचा फोटो घ्यायचा, आणि तो ताव धुऊन पुन्हा वापरायचा. रंग कालवणाऱ्या बायकांची प्रमुख माझी आत्या. मुख्य चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. मास्तर म्हणाले, गाढव राखाडी. आत्या म्हणाली, असं ते आजारी दिसेल, दोन थेंब निळा घालू द्या. मास्तर नाही म्हणाले. मग आत्या रोज सगळ्यांच्या आधी जायची, बरणीत दोन थेंब निळा टाकायची आणि ढवळून ठेवायची. दीड वर्ष. मास्तरांना पत्ताच लागला नाही.

जुन्या चित्रपटांचे रंग सुधारायचा धंदा मी धरला तो या दोन थेंबांपायी. हे तिला मी कधी सांगितलं नाही. ती आधीच जमिनीवर नसते.

यंदा तोच चित्रपट माझ्या टेबलावर आला. घरच्या टीव्हीसाठी त्याची अल्ट्रा एचडी डिस्क निघणार होती. मूळ फिल्मवरून निळा रंग केव्हाच उडाला होता. एका कॉपीत गाढव जांभळट, दुसरीत मातकट. पण मला घरची गोष्ट ठाऊक होती! मी छानपैकी निळसर गाढव तयार केलं. कंपनीचे साहेब खूश झाले. फक्त त्यांची एक अट होती: मूळ कामातल्या कुणीतरी रंग बघून सही द्यायची. मूळ कामातलं आता आत्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि आत्याला कुठे बोलवायचं तर चार वेळा मनधरणी करावी लागते. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. इथे तर गाढवासाठीच पाय धरायचे होते.

ती आली. महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डावा अजून व्हायचाय. मी खोलीतले दिवे मालवले आणि मोठ्या पडद्यावर गाढव आणलं.

आत्याने उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा.

"या डोळ्याला राखाडी दिसतंय," ती म्हणाली, "आणि या डोळ्याला निळं. तुझ्या गाढवाचं एकदा काय ते ठरव."

"तूच ठरवायचंस. म्हणून तर बोलावलं."

"डोळ्यांवर विश्वास नाही गं आता माझा. रंग आण. हाताला विचारू."

खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी बाटल्या आणल्या. पांढरा, काळा, गेरू, निळा. आम्ही चहा करायच्या ओट्याशी बसलो. आत्याने बाह्या सारल्या आणि ती वाटीत पांढरा ओतायला लागली. चमच्याकडे ती बघतसुद्धा नव्हती. सहा पांढरा, एक काळा, गेरूचं नुसतं बोट. काडीने ढवळताना तिचं मनगट असं फिरत होतं की वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा. मी निळ्याचं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली.

तिने बाटली वाटीवर धरली. धरूनच ठेवली. मला वाटलं, थेंब नीट दिसत नसतील म्हणून थांबली असेल.

"मी टाकू का?" मी म्हटलं.

"हाताला माहीतच नाही," आत्या म्हणाली.

"काय?"

"पांढरा माहीत आहे. काळा माहीत आहे. गेरूपर्यंत आपोआप येतो बघ. निळ्याला जात नाही. कसा जाईल? कधी गेलाच नाही." तिने बाटली खाली ठेवली. "नव्हता घातला मी."

मला आधी हसू आलं. आत्या कधीकधी अशी फिरकी घेते. पण ती वाटीकडेच बघत होती.

"रोज लवकर जायचे, ते खरं. बाटली उघडायचे, तेही खरं. एकदाही हिंमत झाली नाही. नोकरी गेली असती तर घरी काय तोंड दाखवणार होते? मग चित्रपट लागला, लोक म्हणायला लागले गाढव किती जिवंत वाटतं, आणि एकदा जेवताना मी सांगून टाकलं. तुझ्या बापाने टाळ्या वाजवल्या. मग परत कसं घेणार?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? तिचा आला, आणि माझा जास्त आला. मी या गोष्टीवर अख्खा जन्म बेतला होता, आणि आत्ता पडद्यावर तेच खोटं निळं होऊन उभं होतं. तरी मी म्हटलं, "मग आता घाल. फिल्मवर पुरावा नाही, माणूस उरलं नाही. तुझंच म्हणणं शेवटचं. कुणाला कळणार आहे?"

आत्याने बाटलीकडे पाहिलं. घ्यावीशी वाटत होती तिला, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिने झाकण घट्ट लावलं.

"चोरी करायची तर तेव्हाच करायची होती," ती म्हणाली. "मास्तर असताना. आता तो नाही आणि मी त्याची बरणी उघडू? नको. राखाडीच कर."

तिने एका कार्डावर तो रंग फासला. वाळल्यावर मी तो यंत्रावर मोजून घेतला आणि दुपारभर बसून गाढव रंगवलं. राखाडी. मला ते मुळीच आवडलं नाही. आत्या खुर्चीत डुलक्या घेत होती. कंपनीच्या साहेबांना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. शेवटी तिला उठवलं, आणि म्हटलं, निदान शेवटचा भाग तरी बघ.

गाढव टेकडी चढत होतं. माळ तपकिरी, आकाश पांढुरकं, गाढव राखाडी. माझ्या निळ्या गाढवाचा इथे मोठा त्रास झाला होता. समुद्रापुढे ते दिसेनासंच व्हायचं, म्हणून त्याच्या कडा मी दोन दिवस उजळत बसले होते. आता गाढव माथ्यावर पोचलं आणि समोर समुद्र आला.

निळा. सव्वा तासाच्या अख्ख्या चित्रपटात पहिल्यांदाच निळा. मी हा चित्रपट शंभर वेळा पाहिला असेल, पण माझ्या अंगावर काटा आला. आणि समोर ते आजारी, राखाडी गाढव उभं होतं, त्या निळ्याकडे बघत. त्याने तो आधी कुठे पाहिलाच नव्हता.

आत्या खुर्चीच्या कडेवर आली होती. दोन्ही डोळे उघडे होते.

"हा निळा मीच कालवला होता," ती म्हणाली. "अख्खी बादली. तेव्हा विचारलं नाही मी, की मास्तरांनी एवढा राखून कशाला ठेवलाय. मी आपली एकेक ताव रंगवत होते."

चित्रपट संपला. मी दिवे लावले नाहीत, कारण ती रडत होती आणि तिला ते आवडलं नसतं. मी तिचा हात धरला. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

"बरोबर होता गं मास्तर," आत्या म्हणाली. "आणि जन्मभर मी घराघरात त्याचं हसं केलं."

मग तिने नाक पुसलं, सहीसाठी कागद मागितला, आणि सहीच्या आधी, रंग कुणी ठरवला या रकान्यात, मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं.