चार बोटांचा जोड

गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात. माझी चौकशी कुणी करत नाही. तुमच्या हातातल्या स्टिअरिंगपासून खाली पुढच्या चाकांकडे जाणारा, आवरणात झाकलेला दांडा असतो ना, तो मी. आज माझ्यावर आवरण नाही, तेव्हा हकीकत सांगून टाकतो.

कारखान्यात मला दोन कामं लावून दिली. एक, हाताचं वळण चाकांपर्यंत पोचवायचं. दुसरं, गाडी समोरून आदळलीच तर ताठ राहायचं नाही. माझी एक नळी दुसऱ्या नळीत सरकते, मी आखूड होतो आणि चालवणाऱ्याची छाती वाचते. या दुसऱ्या कामाची वेळ कधी येऊ नये, एवढंच आम्ही मागतो.

माझ्या मालकीणबाई परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. सहा वर्षं त्यांचे हात मला ठाऊक होते. पुढच्या घरी काय वाढून ठेवलंय, ते त्यांच्या पकडीवरून मला आधीच कळायचं.

मग एका रुग्णाच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण हात काही पुरता सरळ होईना. स्टिअरिंग धरायला सीट पुढे घ्यावी, तर गुडघे समोर टेकायचे. मागे घ्यावी, तर हात पोचायचा नाही.

त्यांचे धाकटे दीर वेल्डर. दारं, जाळ्या, जिने करायचे. त्यांचा जोड शोधून सापडायचा नाही, अशी ख्याती.

"वहिनी, चार बोटांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "दांडाच लांब करू. स्टिअरिंग तुमच्याकडे येईल."

"धोका नाही ना, भाऊजी?"

"माझ्या हातचा जोड आहे."

त्यांनी मला कापलं, मधे चार बोटांचा भरीव तुकडा घातला, वरून जाड पाइप चढवला आणि काळा रंग दिला. सिस्टर पुन्हा कामावर निघाल्या. पहिल्या वळणाला त्या हसल्या, आणि मला मात्र आतून अवघडल्यासारखं झालं. माझी नळी आता सरकणार नव्हती.

तीन महिन्यांनी वार्षिक तपासणी आली. तपासणी अधिकारी सिस्टरच्याच वयाच्या बाई होत्या. आवरण काढून, टॉर्च धरून त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"माझ्या दिरांनी."

"काम सुबक आहे. म्हणूनच काळजी वाटते. बघणाऱ्याला संशयसुद्धा येणार नाही." मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, "परवानगीशिवाय स्टिअरिंगमध्ये असा बदल करता येत नाही. ही गाडी मी रस्त्यावर सोडू शकत नाही."

"माझे अकरा रुग्ण आहेत, मॅडम. आणि इतके दिवस काही झालेलं नाही."

"झालेलं नाही, हे खरं. पण समोरून धडक बसली असती, तर हा दांडा थेट तुमच्या छातीत आला असता."

सिस्टरनी फोन केला, तसे दीर तणतणत आले. "माझा जोड निघत असेल, तर काढून दाखवा."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला उतरवून घेतलं, रंग खरवडला, जोडावर लाल द्राव लावला, थोड्या वेळानं पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. तिघंही वाकून बघत होते. आत मुरलेल्या द्रावाची केसाएवढी लाल रेघ पांढऱ्यावर हळूहळू उमटली. माझ्या अर्ध्या घेराला तडा गेला होता.

दिरांनी रेघेच्या टोकापर्यंत बोट नेलं. "उद्या-परवा वळणावर तुटला असता," ते म्हणाले. "वहिनी, मी तुम्हाला..."

"मीच हो म्हटलं होतं, भाऊजी."

दीर बाईंकडे वळले. "मग हात वाकडा झाला म्हणून यांनी घरी बसायचं का?"

"कोण म्हणतं?" बाईंनी कपाटातून एक अर्ज काढला. "पुढे-मागे होणारा दांडा मिळतो, चाचणी झालेला. डॉक्टरांचा दाखला, मान्यताप्राप्त वर्कशॉप, विमा कंपनीला कळवणं, पुन्हा तपासणी, मग गाडीच्या कागदांवर नोंद. वेळ लागेल, पण होतं."

सात आठवडे लागले. तेवढे दिवस दिरांनी आपल्या टेम्पोतून, लोखंडी गजांच्या खडखडाटात, वहिनींना अकराही घरी नेलं. एक दिवस चुकवला नाही.

नवा दांडा बसला. सिस्टरनी स्टिअरिंग ओढून हवं तिथे आणलं, कोपर दुमडलेलंच ठेवून दोन्ही हात टेकवले आणि तपासणी केंद्राच्या फाटकातून व्यवस्थित वळण घेऊन बाहेर पडल्या. माझ्या जागी दुसरा आहे, याचं मला वाईट वाटलं नाही. त्याला आखूड होता येतं.

मला भंगारात जाऊ न देता दिरांनी आपल्या कार्यशाळेत टेबलावर ठेवलंय. तुमचीही अडचण खरी असेल, नाही म्हणत नाही. पण मला कापण्याआधी, ज्याला यातलं कळतं त्याला विचारा. तुमच्या पुढ्यात मी असतो, आणि समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात तुम्ही.

परवा एक टॅक्सीवाले आले. त्यांनाही दांडा थोडा वाढवून हवा होता. दिरांनी मला त्यांच्या हातात दिलं, तड्यावरून नख फिरवायला लावलं आणि त्या मान्यताप्राप्त वर्कशॉपचा पत्ता लिहून दिला.

"म्हणजे तुम्ही हे काम करतच नाही?"

"एकदा केलं," दीर म्हणाले, "घरच्याच माणसासाठी."