चौथी पिशवी

मी तंबू बोलतोय. दोन माणसांचा तंबू. असं सांगितलं की लोकांना वाटतं, यानं डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या असतील. खरं सांगायचं तर माझं बहुतेक आयुष्य एका कपाटाच्या माथ्यावर गेलं आहे. शेजारी एक बंद पडलेला पंखा आहे. तो बोलत नाही.

माझा जन्म ताडपत्र्या आणि छत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. मला शिवणारी मुलगी खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. काम संपलं की मुकादम बाईंची परवानगी घेऊन उरलेले तुकडे जोडायची. म्हणून मी बाहेरून खाकी आहे आणि आतून मोहरीच्या रंगाचा. शेजारच्या मशीनवरच्या बायका तिला चिडवायच्या.

"लग्न ठरलं की मुली रुमाल भरतात. हिनं अख्खं घरच शिवायला घेतलंय."

"आणि दाराला चेन लावतेय. सासू आली तर बाहेरून कडी कशी वाजवणार गं?"

ती मान खाली घालून हसायची आणि मशीन जोरात चालवायची.

तिचं लग्न एका मोजणीदाराशी ठरलं होतं. जमिनी मोजणं, नकाशे काढणं हे त्याचं काम. दुपारच्या सुट्टीत तो कधीमधी कारखान्यात यायचा. दोघं ताडपत्रीच्या गुंडाळ्यांवर बसायची, मध्ये आणखी दोघं मावतील एवढं अंतर ठेवून. तो कापड आखायच्या खडूने जमिनीवर नकाशा काढायचा. इथे शेवटचं गाव, इथपर्यंत गाडी जाईल, पुढे उंट मिळेल, आणि मग काहीच नाही.

"काहीच नाही म्हणजे?" तिनं विचारलं.

"वाळू. एका रस्त्याच्या मोजणीसाठी मी तिथे गेलो होतो. मोठ्यानं ओरडलं तरी आवाज परत येत नाही. आदळायला भिंतच नाही."

तिच्या घरात कुणी खोकलं तरी पलीकडच्या बिऱ्हाडाला ऐकू जायचं. भिंत नसलेली जागा तिनं कधी पाहिलीच नव्हती. मधुचंद्राला तिथेच जायचं, हे त्या खडूच्या नकाशावर ठरलं.

मग मशीनपाशी रोज नवा विचार व्हायचा. तिला दार पूर्वेला हवं होतं, उठल्याबरोबर सूर्य दिसावा म्हणून. तो म्हणाला, दार वाऱ्याला पाठ करूनच हवं, नाहीतर जेवणात वाळू. शेवटी तिनं पूर्वेला एक छोटी झडपेची खिडकी शिवली. कोणाचं ऐकलं हे कोणालाच म्हणता येऊ नये, अशी.

तिनं मेखा आणून दाखवल्या तेव्हा त्यानं मान हलवली.

"वाळूत मेख टिकत नाही. जरा झुळूक आली की बाहेर. चार पिशव्या शिवा. तिथे गेल्यावर वाळूनं भरायच्या, दोर बांधायचा आणि खोल पुरायच्या."

"म्हणजे वाळूला वाळूच धरून ठेवते?"

"हो. पण चारही हव्यात. एक कमी असली की तंबू उभा राहत नाही."

तिनं उरलेल्या मोहरी कापडाच्या चार पिशव्या शिवल्या, दुहेरी शिवण घालून. माझ्या चार कोपऱ्यांना त्या रिकाम्या लटकत राहिल्या. कुणी वाढण्याची वाट बघत बसलेल्या ताटांसारख्या.

"तिथे गेल्यावर तुम्ही काय कराल?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं बराच विचार केला. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला 'अरे' म्हणेन."

तो इतका हसला की गुंडाळीवरून घसरला. "मग आत्ताच म्हणा की."

"इथे? मुकादम बाई बघतायत."

तिच्या घरी, त्याच्या घरी, सगळीकडे नवऱ्याला 'अहो'च म्हणायची पद्धत होती. 'अरे' म्हणण्यासाठी तिला एवढ्या लांब जायचं होतं, हे माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय कुणाला कळलं नाही.

त्याच्या घरी मला पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मोठी गंमत झाली. दोन खोल्यांत आई-वडील, भाऊ-वहिनी, त्यांची मुलं आणि मोजणीदाराची आत्या. आत्याला कमी ऐकू यायचं.

"कुठे जाणार म्हणता?"

"वाळवंटात, आत्या."

"वाळवणाला? मग तंबू कशाला? जुनी चादर पुरे. तंबूच्या सावलीत काय कप्पाळ वाळणार?"

सगळे पोट धरून हसले. त्याचे वडील म्हणाले, "लोक समुद्रावर जातात, थंड हवेला जातात. ही दोघं तहान लागावी म्हणून चाललीत." त्या दिवसापासून माझं नाव वाळवणाचा तंबू पडलं. मला राग आला नाही. नाव पडलं म्हणजे आपण घरातले झालो, असं मला वाटलं.

लग्न झालं. मला घट्ट गुंडाळून दाराशी ठेवलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याला नोकरीचं बोलावणं आलं. कधी काळी त्यानं अर्ज केला होता आणि विसरूनही गेला होता. काम पाइपलाइनच्या मोजणीचं होतं, आणि तेही वाळवंटातच, पण परक्या मुलखात. लगेच हजर व्हायचं होतं. राहायच्या जागेत कामगारांशिवाय कुणाला परवानगी नव्हती.

"आधी मी जातो," तो म्हणाला. "जागा बघून ठेवतो. मग तुला बोलावतो."

भोवती सगळं घर उभं होतं. ती म्हणाली, "बरं, अहो."

मला कपाटावर चढवलं ते तेव्हा.

वरून मला घर चांगलं दिसतं. त्याचा फोन आला की तो हातोहात फिरायचा. आईची औषधं, वडिलांचा गुडघा, मुलांचे मार्क. शेवटी फोन तिच्याकडे यायचा, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

"अहो, जेवलात का?"

"हो. तू?"

"हो."

एवढंच. त्यानं तिला बोलावलं नाही, कारण त्याला बोलावताच येत नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तीही विचारायची नाही. माणसांची ही एक सवय मला अजून कळलेली नाही. ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त विचार करतात, तिच्याबद्दल सोडून बाकी सगळं बोलतात.

एका दुपारी घरातले सगळे बाहेर गेले होते. ती स्टूल ठेवून वर चढली. मला वाटलं, धूळ झटकायला आली. तिनं माझ्या कापडात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "अरे." मग जरा थांबली, जणू कुणी 'ओ' देणार होतं. मला ओ देता आली असती तर मी दिली असती. ती खाली उतरली आणि स्टूल जागेवर ठेवलं.

पुढे तो सुट्टीवर आला. रापलेला, वाळलेला. त्याच्या बुटांतून दारातच वाळू सांडली. तिनं ती झाडूनं गोळा केली आणि सुपली हातात धरून जरा वेळ नुसतीच उभी राहिली.

जेवताना तिनं सगळा धीर एकवटला. "तंबू आहे अजून. जाऊ या का आपण, दोन दिवस?"

"सुट्टीत कुणी ऑफिसात जातं का?" तो म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. वरून मला तिचा भांग आणि ताटातला थांबलेला हात दिसत होता.

पण मला आणखीही दिसत होतं. तो दिवसभर पुतण्यांच्या घोळक्यात बसायचा. कुणी टीव्ही बंद केला की परत लावायचा. खोलीतले सगळे उठून गेले की तोही उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचा. भांड्यांचा आवाज ऐकत. ज्या एकांतासाठी मला शिवलं होतं, तो त्याच्या वाट्याला इतका आला होता, की आता त्याला त्याची भीती वाटत होती.

त्याची सुट्टी संपत आली तेव्हा आत्या म्हणाली, "सूनबाई, वाळवण घालायचंय. तंबू काढ."

"आत्या, तुम्हीच म्हणाला होतात ना, सावलीत कसं..."

"मला ऐकू येत नाही. काढ म्हटलं की काढायचा."

गच्चीवर मेख ठोकायला जागा नव्हती. पण शेजारच्या बांधकामाची उरलेली वाळू कोपऱ्यात पडली होती. ती एकेक पिशवी भरू लागली. तेवढ्यात तो वर आला. "आत्यानं पाठवलं. वाळवण उचलू लाग म्हणाली." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. वाळवण कुठेच नव्हतं. मग त्याचं लक्ष तिच्या हातातल्या पिशवीकडे गेलं. तो खाली बसला आणि दुसरी पिशवी भरू लागला.

खाली जिन्यात आत्याचा आवाज आला, "वर वाळवण आहे. कुणी जायचं नाही. पाय पडतील."

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा, चारही कोपऱ्यांवर.

दोघं आत आली. पूर्वेच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती. मग तो म्हणाला, "तिथे मी रेडिओ लावून झोपतो. भाषा कळत नाही. तरी कुणीतरी बोलतंय, एवढं पुरतं. बोल ना काहीतरी."

इतक्या दिवसांत साठवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. ती नळाबद्दल बोलली. कारखान्यात मुकादम बाईंचा चष्मा हरवला आणि तो डोक्यावरच सापडला, ते बोलली. तो आडवा झाला, डोळे मिटले.

"अरे," ती म्हणाली. "झोपलास?"

त्यानं डोळे न उघडता म्हटलं, "परत म्हण."

ती परत म्हणाली. आणखी एकदा म्हणाली. तोवर त्याला खरंच झोप लागली होती. ती गुडघ्यांना मिठी मारून त्याच्याकडे बघत बसली. आनंदात होती की रडत होती, ते मी इतक्या जवळ असूनही मला सांगता येणार नाही.

तो परत गेला. जाताना त्यानं माझी एक पिशवी सोडली, रिकामी केली आणि बॅगेत ठेवली.

"ही माझ्याकडे राहू दे. तिथली वाळू भरून आणतो."

"मग हा उभा कसा राहायचा?"

"नाही राहायचा," तो म्हणाला. "मी येईपर्यंत."

आता मी परत कपाटावर आहे. कधी एखाद्या दुपारी ती मला गच्चीवर नेते, पसरते आणि शेजारी बसते. तीन कोपरे ताणलेले, चौथा वाऱ्यानं फडफडतो. परवा आत्या वर आली आणि म्हणाली, "अगं, त्या कोपऱ्यावर एक वीट ठेव. उभा राहील."

"नको, आत्या," ती म्हणाली.

आत्याला या वेळी नीट ऐकू आलं असावं. वीट होती तिथेच राहू देऊन ती खाली गेली.

तुम्हालाही एवढीच विनंती. कुठल्या गच्चीवर मी असा एका बाजूला पडलेला दिसलो, तर मला सावरायला येऊ नका. वीट शोधू नका. माझा चौथा कोपरा लांब, वाळूत आहे, एका माणसाच्या उशाशी. तो आला की मी आपोआप उभा राहीन.