बॅनरवरची पाच शहरं

इलोइलोतल्या मोलो भागात, चर्चमागच्या गल्लीत एका घराच्या फाटकावर सहा हात लांबीचा बॅनर गुरुवारपासून फडकत होता, आणि व्हिसाचा अजून पत्ता नव्हता. टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा! पॅरिस, झुरिच, व्हेनिस, मिलान, रोम.' खाली कलिंगडाएवढे तीन चेहरे. डॉक्टर तेरियो लाजलेला, त्याची बायको मेरिविक बत्तिशी दाखवणारी, आणि तिसरी तेरियोची थोरली बहीण सेफा, घरातल्यांची 'मानांग' म्हणजे ताई, नाकाखाली कुणीतरी नासका मासा धरल्यासारखी.

या गल्लीत बॅनरशिवाय पान हलत नाही. पोरगी नर्सिंग पास झाली, बॅनर. मेव्हणा वॉर्डात निवडून आला, बॅनर. पडला तरी बॅनर, मतदारांचे आभार मानायला. सेफाला या प्रकाराची शिसारी यायची. चौतीस वर्षं तिनं गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवला होता. जगातल्या नद्या तिला तोंडपाठ होत्या, आणि स्वतः ती मनिलाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तेरियो दातांचा डॉक्टर. त्याच्याच घरात ती राहायची, आणि घरातल्या प्रत्येकाला रोज नापास करायची.

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर शहरं ठरवायची बैठक बसली. म्हणजे बॅनर आधी आणि बैठक नंतर. असली अक्कल पाजळायला हेच घर लागतं!

"ठरवायचं काय त्यात आता?" सेफा म्हणाली. "छापून तर मोकळ्या झालात बाईसाहेब."

"मानांग, छापलंय ते साधारण," मेरिविक म्हणाली. "दिवस नऊच आहेत. कुठे किती राहायचं ते बघायचंय."

"पॅरिस कशासाठी?"

"अहो, पॅरिस नको? कोपऱ्यावरची ग्लोरिफे दोनदा जाऊन आलीय!"

"मग ग्लोरिफेलाच पाठव तिसऱ्यांदा. आणि झुरिच?"

"बर्फ!" तेरियो हळूच म्हणाला.

"बर्फ?" धाकट्या भावाला सेफा अजून तोतोच म्हणायची. "तोतो, तुझ्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये वीतभर साठलाय. त्यात बोट घाल आणि फोटो काढ. जूनमध्ये झुरिचला बर्फ शोधायला निघालाय! माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता." तिचं बोट खिडकीकडे गेलं. "आणि तो झुरिचसमोर झेंडा कुठला छापलाय, बघितलात? डेन्मार्कचा. तांबड्यावर पांढरी फुली दिसली की झालं स्वित्झर्लंड! गल्लीतून येणारे-जाणारे बघतात, आणि खाली तोंड कुणाचं? भूगोलाच्या बाईचं."

"कुणाला कळतंय मानांग," मेरिविक हसली.

हेच ते. कुणाला कळतंय! सेफाच्या मते या बाईचा सगळा संसार या दोन शब्दांवर उभा होता. सूपमध्ये मीठ कमी, कुणाला कळतंय. पडदे उलटे शिवले, कुणाला कळतंय. हिला शहरं बघायची नव्हतीच, शहरांसमोर उभं राहून स्वतःला बघायचं होतं. नऊ दिवसांत पाच शहरं म्हणजे बसमधून उतरा, दात काढा, बसमध्ये चढा. एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? शहरांची चित्रं छापून घ्यायची आणि अंगणात उभं राहायचं. नाहीतरी बॅनरवाला ओळखीचाच होता.

"आणि मिलानला दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तुमचं नाव तळ्याच्या सहलीत घातलंय," मेरिविक कागद बघत म्हणाली. "कोमोचं तळं. डोंगर, बोट, सगळं आहे. तुम्हाला आवडेल, भूगोलच तो."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही आपलं बाजारात. तुम्हाला कंटाळा यायचा."

सेफानं चमचा खाली ठेवला. इतका वेळ ती याच घडीची वाट बघत होती. "मला तुमचं पॅरिस नको, रोम नको आणि तळं तर नकोच नको. मला एकच शहर हवंय. जेनोआ. बाकीची तुम्ही वाटून घ्या."

तेरियो सूपमध्ये शेवया शोधू लागला.

जेनोआला नेनिता होती. तिघांतली धाकटी. एकवीस वर्षांपूर्वी गेली ती एका म्हातारीची देखभाल करायला. कागदपत्रं कधी झालीच नाहीत, त्यामुळे एकदा बाहेर पडली तर परत आत जाता येणार नाही, म्हणून आलीच नाही. आई गेली तेव्हाही नाही. दर नाताळात मात्र तिनं भेटवस्तूंनी भरून पाठवलेली पेटी यायची. आता गुडघे गेलेत म्हणे. सेफाचं वय सदुसष्ट. आता नाही तर पुन्हा कधी?

"जेनोआत आहे काय, मानांग?" मेरिविक म्हणाली, पण आवाज चोरटा होता. "बंदर. ते आपल्याकडेही आहे."

"माझी बहीण आहे तिथे! पण ती कुठल्या मनोऱ्यासमोर उभी नाही ना, मग तुझ्या फोटोत कशी बसणार? मोलकरीण नणंद बॅनरवर शोभत नाही, असं सांग ना सरळ."

"मानांग, बास," तेरियो म्हणाला.

"का बास? थांब, तिलाच विचारते, मी येऊ का म्हणून. तिकडे आत्ता सकाळ असेल." सेफानं पर्समधून फोन काढला.

मेरिविकनं तिचा हात धरला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "नका करू फोन. तिनंच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"जेनोआ घालू नका म्हणून. मंगळवारी तिला सुट्टी असते. त्या दिवशी ती आगगाडीनं मिलानला येणार आहे. आम्हाला भेटायला."

"आम्हाला म्हणजे?"

मेरिविकनं सहलीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. सेफाला कोमोचं तळं आठवलं. डोंगर, बोट, सगळं. ही बावळट बाई, पडदे उलटे शिवणारी, आणि तिनं सेफाला असं अलगद बाजूला काढलं होतं की पत्ताही लागू दिला नव्हता.

"का?" सेफानं विचारलं.

"ती निघाली तेव्हा विमानतळावर तू काय म्हणालीस, आठवतंय?" तेरियोनं पहिल्यांदाच मान वर केली. "'एवढं शिकून गोऱ्या म्हातारीचं ढुंगण पुसायला चाललीस, निदान नीट पूस.' सगळ्यांसमोर. आई रडत होती, आणि तू हे बोललीस."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालीस."

"थट्टेत म्हणाले असेन."

"कुणी हसलं नव्हतं, मानांग."

मग मेरिविकलाही तोंड फुटलं. "दर नाताळात पेटी उघडायची, आणि तुमचं सुरू. चॉकलेट वितळलेलं, स्वेटर इथे घालायचा कुणी, साबण काय इलोइलोत मिळत नाही. आणि मी तिला फोन करून सांगायची, मानांगना फार आवडलं हो. एकवीस वर्षं खोटं बोलतेय मी. तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" तिनं स्वतःचा फोन टेबलावरून पुढे सरकवला. "गुरुवारी बॅनरचा फोटो पाठवला तिला. वाचा काय लिहिलंय ते."

सेफानं चष्मा लावला. नेनितानं लिहिलं होतं: 'मानांगचं तोंड अजून तेच आहे. माझी खोली लहान आहे गं. ते तोंड तिथे मावायचं नाही.'

सेफा उठली. कुणाला काही सांगायच्या आत जिना उतरून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं वर बघितलं. वर्गात कित्येक पोरं हे तोंड बघून उत्तर विसरली असतील. तिला वाटायचं, पोरं ढ आहेत.

मेरिविक मागोमाग आली होती. "मानांग, उन्हात नका उभ्या राहू."

"हा फोटो बदल."

"काय?"

"बॅनर राहू दे. शहरंही राहू देत तुझी. माझा फोटो बदल. आत्ता काढ दुसरा."

मेरिविकनं फोन वर धरला. "हसा."

"हसतेच आहे."

"हे हसणं नाही मानांग, हे प्रगतिपुस्तक आहे."

तिनं सात-आठ फोटो काढले. प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा वाईट. सेफाचे ओठ वर जायचे आणि भुवया त्यांना खाली खेचायच्या. तिला स्वतःचा संताप आला. एवढा भूगोल पोटात घातला, आणि बाईला साधं हसता येत नाही! धिक्कार असो असल्या शिक्षणाचा. ती पुन्हा वर बघू लागली, तर नजर त्या चुकीच्या झेंड्यावर गेली.

"नेनितापण असंच करायची," ती एकदम म्हणाली. "लहानपणी मी राजधान्या, झेंडे घोकून घ्यायची तिच्याकडून. हे दोन झेंडे तिला कधी जमलेच नाहीत. मी ओरडले की म्हणायची, मानांग, असू दे ना चूक, कुणाला कळतंय! आणि माझ्याच मांडीवर चढून बसायची. ओरडत असायची मी, आणि ही मांडीवर..."

पुढचं वाक्य काही केल्या बाहेर येईना. नाक वाहू लागलं, ओठ नको तसे पसरले, चष्मा घसरला. तेवढ्यात मेरिविकनं बोट दाबलं.

"अगं, आत्ता कशाला काढलास? पूस तो! मेलं ध्यान दिसत असेल."

"पाठवला," मेरिविक म्हणाली.

"पाठवला? तुला काही अक्कल..." सेफानं बाकीचं गिळलं. दोघी फाटकाला टेकून फोनच्या काचेकडे बघत उभ्या राहिल्या. तेरियोही नॅपकिन गळ्यात तसाच अडकवून खाली आला.

नेनितानं फोटो बघितल्याची खूण उमटली. मग एक ओळ आली: 'ही कोण?'

सेफानं फाटकाचा गज घट्ट धरला. मेरिविक काहीतरी टाइप करणार, एवढ्यात दुसरी ओळ आली.

'मंगळवारी हिला घेऊन या.'