छायाचे भुंडे हात

डब्याची कडी खट्‌कन लागली. छायाची निघायची वेळ झाली होती.

छाया माझी धाकटी जाऊ. द्राक्षांचा हंगाम लागला की पिंपळगावच्या पॅकहाउसची जीप तिला आडगाव फाट्यावरून घेऊन जाते. मी माझ्या लेकीला, वेदिकाला, कुशीत घेऊन डोळे मिटून पडले होते, तरी सगळं दिसत होतं. आता ती देव्हाऱ्यापाशी बसेल, हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवेल. परदेशच्या मालात काचेचा कण गेला तर अख्खी गाडी परत येते म्हणे, म्हणून तिथं बांगडी चालत नाही.

दोन हंगामांपूर्वी पॅकहाउसच्या मुकादमानं कामाला येता का म्हणून आम्हा दोघींनाही विचारलं होतं. मी म्हटलं, "आमच्या आत्याबाईंना भुंडे हात चालायचे नाहीत." छाया गेली. आता ती सुपरवायझर आहे, बायका तिला मॅडम म्हणतात. मला तर तिच्या दमण्याचासुद्धा हेवा वाटतो. ती दमून आली की घर तिला पाणी देतं. वेदिका धावत जाऊन तिच्या ओढणीला आलेला द्राक्षांचा वास घेते. माझ्या पदराला मेथीचा वास, तो रोजचाच.

काल छायाच म्हणाली, "ताई, एक जागा निघालीये. येता का? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

आज दुपारी आत्याबाईंबरोबर मेथीच्या जुड्या बांधताना माझ्या तोंडून निघूनच गेलं, "छायाचं बरंय. तिला तुम्ही सोडलंत."

सासूबाईंचा हात थांबला. "आन तुला कवा आडवलं गं?"

"बांगड्या काढलेल्या तुम्हाला..."

"नायच आवडत! ती माझ्यापुढं बसून म्हणली, आत्याबाई, तुम्हाला वाईट वाटंल, पण मी जानार. मला लय राग आला. आठवडाभर बोलले नाय तिच्याशी. तिनं सोसलं. तू काय केलंस? मला न ईचारता मुकादमाकडं माझं नाव पुढं केलंस. गावभर मला खाष्ट ठरवलंस, फुकटात!" मग जरा हसल्या. "जायचं तर जा, नायतर बस. पण आता माझं नाव नको घेऊ."

संध्याकाळी छाया आली. पाय धुता धुता तिनं विचारलं, "मग ताई, काय ठरलं?"

आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. मी वेदिकाला ओढून मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला. "जाईन गं, पण हिचं कसं? माझ्यावाचून राहायची नाही ही."

वेदिकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मी तुला जाऊ नको म्हटलं होतं का?"