ग्रेडरच्या चार वायरी

आमच्या घरात कोणती वस्तू कोणत्या प्रतीची, हे बाबा ठरवतात. मग ते टमाटर असोत की कुणाचा जावई. सत्तावीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस बोटांत ओढून पाहायचा आणि गाडीभर मालाचा निकाल लावायचा. केंद्र बंद पडलं, बाबा पांढरकवड्याच्या घरी बसले, पण खोड काही गेली नाही.

त्या दिवशी मला फार्मसीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख, आणि चारला लाइट जाणार हे ठरलेलं. नेट कॅफेसमोरची रांग रस्त्यावर आली होती, पण मला काय त्याचं? आमच्या घरी दोन महिन्यांपूर्वीच नेट आलं होतं. मात्र चुना मारणाऱ्यांनी भिंतीलगतचं सगळं उपटून सुपात टाकलं होतं. मी वसतिगृहातून पोचले तेव्हा सुपात चार वायरी शेवयांसारख्या गुंतल्या होत्या.

मी हात लावणार तोच बाबांनी सूप ओढलं. पांढरं धोतर अंथरलं, वायरी मांडल्या, चष्मा पुसला.

"हे फर्स्ट," जाड निळी वायर बोटांत फिरवत ते म्हणाले. "हिच्यातूनच नेट येते. सारं जग यायचं त रस्ता रुंद नाही पाह्यजे का?"

"आन् हे बारीक करडी?" मी विचारलं.

"सेकंड. हिच्यातून काय येईन, मुंगी?"

निळी वायर भिंतीतल्या फोनच्या भोकात जाईना. भोकच खराब आहे, असा निकाल लागला. बारीक वायर कॉम्प्युटरात सैलशी गेली आणि बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. लाइटची वायर लावूनही नेटच्या डब्याचा दिवा मात्र लालच राहिला. अडीच वाजले.

"संजयले फोन करा ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांना एकदम ऐकू येईनासं झालं.

संजय म्हणजे टेलिफोनचा लाइनमन, जवळच्या तांड्यावरचा. दोन हजार पाच साली तो केंद्रावर कापसाची गाडी घेऊन आला होता. बाबांनी माल ओला ठरवून खालची ग्रेड दिली. दुसऱ्या दिवशी ढिगात पाहिलं तर वरच्या थराला फक्त दव लागलेलं, आतला कापूस एक नंबर. तोवर संजय पावतीवर सही करून गेला होता. पुढच्या वर्षी त्यानं कापूसच सोडला. तेव्हापासून त्याची मोटरसायकल दिसली की बाबा गल्ली बदलतात. तो नेट बसवायला आला, त्या दिवशी यांना नेमकं यवतमाळला काम निघालं.

मी चिडले. खरं सांगते, मला त्या घडीला बापाची लाज वाटली.

"बाबा, तुमच्या ग्रेडपायी माह्यं वर्ष जाईन," मी म्हणाले.

संजयचा नंबर आईनं भिंतीवर पेन्सिलनं लिहिला होता. आता तिथे नुसता चुना होता. मी नखानं खरवडू लागले.

मागून बाबांनी नंबर सांगितला. दहाही आकडे, न अडखळता.

आई हातातलं पातेलं घेऊन दारात आली. आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"लाव," ते म्हणाले. मग, "नोको. माहा फोन दे इकडं. मीच लावतो."

मी मोबाइलचा आवाज मोठा केला. पलीकडून आधी संजयच बोलला, "राम राम, काकाजी. आज बोलसान, का आजबी कट करसान?"

बाबांचे कान लाल झाले.

"दोन महिने झाले, तुमचे मिस कॉल येऊन राह्यले. मी लावतो त तुमी उचलत नाही. काहून?"

"वायरी," बाबा म्हणाले. "वायरी ओळखू येऊन नाही राह्यल्या मले."

बाबांच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"जाडी नका पाहू काकाजी, तोंड पाहा. चौड्या तोंडात आठ पिवळ्या रेघा दिसतेत? थे डब्यातून कॉम्प्युटरात. लहान तोंडाची बारीक थे भिंतीतून डब्यात. नेट त्या बारकीतूनच येते. गोल पिनची लाइटची. आन् नटवाली काळी टीव्हीची, तिले हात नका लावू."

बाबा सांगितलं तसं करत गेले. दिवा लुकलुकला आणि हिरवा होऊन थांबला. पावणेचारला माझा अर्ज गेला. मी आईला मिठी मारली, पातेल्यासकट.

"झालं ना? ठेवू?" संजयनं विचारलं.

"थांब." बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "संजय, तुहा कापूस फर्स्ट होता. म्या वरूनच पाह्यला."



"मले तवाच माहीत होतं, काकाजी. पिकवला त मीच होता. तुमाले माहीत हाये का नाही, येवढंच मले माहीत नव्हतं."

बाबांनी फोन आईकडे दिला. मग ते चष्मा पुसू लागले.