धुलाई कारखान्याचं मीटर

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही, बाई, पण मी तरी काय करू? मीटरनेच तसं दाखवलं," मीटरकाका म्हणाले आणि कुणी सांगायच्या आत खुर्चीवर टेकले.

पाणीखात्यात पस्तीस वर्षं मीटर वाचणाऱ्या या माणसाच्या थापा सगळ्या कचेरीला पाठ होत्या. एका मीटरमध्ये त्यांनी आकडे मोजत बसलेला बेडूक पाहिला होता. दुसरं एक मीटर म्हणे घरात नवरा-बायको भांडले की उलटं फिरायचं. आज मात्र आळ आला होता तो खऱ्या गोष्टीवर, त्यामुळे काका पार चक्रावले होते.

नव्या साहेबबाईंनी वही पुढे केली. धुलाईच्या कारखान्यात शून्यावर बसवलेलं नवं मीटर, सात महिन्यांच्या सात नोंदी. १४२८५७. मग २८५७१४. मग ४२८५७१. पुढेही तेच सहा आकडे, संगीत खुर्ची खेळल्यासारखे.

"घरी बसून लिहिलंत. दोन नोंदींच्या वजाबाकीला नवाने भाग गेला, की आकडे मागेपुढे झालेत असं आम्ही धरतो. इथे प्रत्येक वेळी जातोय."

"म्हणजे नवाच्या पाढ्याने माझी नोकरी खाल्ली म्हणायची."

"काका, बेडूक तिथेही होता का?" शेजारच्या टेबलावरून कारकुनाने विचारलं.

"नाही रे, तुझी सासू होती मोजायला."

बाई हसल्या नाहीत. "उद्यापासून फेरी बंद. कोपऱ्यात बसून पत्रांवर शिक्के मारायचे."

काकांचा चेहरा उतरला. फेरी म्हणजे बेचाळीस गल्ल्या, आणि दर दुसऱ्या दारात 'काका आले' म्हणणारं कुणीतरी. कोपऱ्यातल्या त्या टेबलाला साधी खिडकीही नव्हती.

"सातही वेळा झाकण उचलून, ओणवा होऊन वाचलंय मी. तिथली यंत्रं एकाच चालीने फिरतात, दर महिन्याला पाणी तेवढंच लागतं. आकडे तेच का येतात, ते माझ्या बापालाही सांगता यायचं नाही."

"तेवढंच?" बाईंनी कागद ओढला. १४२८५७ ची दुप्पट केली, दुसरी नोंद आली. तिप्पट केली, तिसरी आली. चौपट, पाचपट, सहापट. वहीतली एकेक नोंद जशीच्या तशी कागदावर उतरत गेली. कारकून उठून मागे येऊन उभा राहिला.

"संख्याच तशी आहे की," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "चुकलं माझं, काका."

काका सैलावले. "अहो, घारीचे डोळे आहेत माझे. सातवी नोंद तर दोनदा वाचून घेतली. ८७१४२५."

बाईंनी सातपट केली आणि पेन्सिल खाली ठेवली. वहीतल्या सातव्या नोंदीवर बोट ठेवून त्यांनी काकांकडे पाहिलं. मग तो कागद त्यांनी काकांच्या हातात दिला. "शेवटचं उत्तर वाचा बघू."

काकांनी कागद हातभर लांब धरला. मग नाकाशी आणला. मग उजेडाकडे तिरपा केला.

"तेच की," ते म्हणाले. "तेच सहा आकडे, जागा बदलून."

कारकुनाने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"काका, सगळे नऊ आहेत."